तहाच्या दोन खुर्च्या

गावात त्याला अर्धसूत म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुताराचं सगळ्यात लहान माप. बाकीचे सुतार सुतापाशी थांबत आणि हात झटकत. हा अर्ध्या सुतासाठीसुद्धा पुन्हा रंधा हातात घेई. एकदा पोचवून दिलेलं कपाट तो दुसऱ्या दिवशी परत उचलून घेऊन गेला, कारण जेवता जेवता त्याला आठवलं की खालचा कप्पा किंचित डावीकडे कललाय. घरमालक म्हणाला, "अहो मिस्तरी, मला तर काही दिसत नाही." अर्धसूत म्हणाला, "मला दिसतं ना." आठ दिवस त्या घरातले कपडे खाटेवर पडून होते.

अशा माणसाला तहाचं काम मिळालं, ते कसं निभावलं, त्याची ही हकीकत.

गावाच्या मधून नदी जायची. नदीवर पूल. अलीकडच्या काठामागे डोंगर, तिथे डोंगरवाल्यांचं राज्य. हे लोक आपल्यासारखे दोन एकावर एक उभे केले तर जेवढे होतील तेवढे उंच. पलीकडच्या काठामागे खोरं, तिथे खोरेवाल्यांचं राज्य. ते आपल्या कमरेला लागतील एवढे. गावकरी मधल्या मापाचे, आपल्यासारखेच, आणि दोघांच्या मध्ये सापडलेले.

दोन्ही राज्यांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. समोरच्याकडे बघताना ज्याला नजर वर करावी लागते तो हरला. आता डोंगरवाल्यांची राणी आणि खोरेवाल्यांचा राजा समोरासमोर आले तर कुणाची नजर वर जाणार, हे सांगायला शहाणा लागत नाही. त्यामुळे तीनशे वर्षं ते समोरासमोर आलेच नव्हते. लांबून भांडत होते.

तीन वर्षांपूर्वी एकदा बोलणी ठरली. राजाला तेरा उशांवर बसवलं. बेत बरा होता. पण ऐन वेळी राणीला शिंक आली. डोंगरवाल्यांची शिंक, साधी नव्हे. उशा ढासळल्या आणि राजा टेबलाखाली गेला. शिंक हा हल्ला आहे असं खोरेवाल्यांनी जाहीर केलं. तेरा उशा हा राणीचा अपमान आहे असं डोंगरवाल्यांनी जाहीर केलं. संध्याकाळच्या आत पुलाच्या दोन्ही टोकांचे दरवाजे बंद झाले. अलीकडचा डोंगरवाल्यांनी लावला, पलीकडचा खोरेवाल्यांनी. नावाही दोघांनी मिळून जप्त केल्या. तेवढं एक काम त्यांनी एकजुटीनं केलं.

अर्धसूताची एकुलती एक मुलगी पलीकडे दिलेली होती, कुंभाराच्या घरी. पूल बंद झाला तेव्हा तिला पाचवा महिना होता. नात झाली, दात आले, चालायला लागली. आजी-आजोबांनी हे सगळं नदीच्या ह्या काठावरून बघितलं. रोज सकाळी मुलगी पलीकडच्या पायऱ्यांवर यायची आणि पोरीला वर धरायची. इकडून हे दोघं हात हलवायचे. पाण्याच्या आवाजात शब्द पोचत नसत. बायको तरीही बोलायची. "जेवतेस ना गं? अंगावर काय घातलंयस हे?" आणि मग नवऱ्याला म्हणायची, "ती हो म्हणाली."

"तुला ऐकू आलं?"

"आईला येतं."

तर पुन्हा बोलणी ठरली आणि ह्या वेळी उशा नकोत, खुर्च्या हव्यात, असं दोन्हीकडच्या कारभाऱ्यांनी ठरवलं. अशा दोन खुर्च्या की राणी आणि राजा बसल्यावर दोघांचे डोळे एका रेषेत येतील. जागा पुलाच्या मधल्या खांबावरचं जुनं जकातघर. ते कुणाच्याच हद्दीत नव्हतं. खोरेवाले तिथे जप्त केलेल्या नावेतून यायचे, आणि अलीकडचा दरवाजा डोंगरवाले कामाच्या माणसांपुरताच किलकिला करायचे. सुतार कोण, हे मात्र लगेच ठरलं, कारण दुसऱ्या कुणी असलं काम अंगावर घेतलंच नाही.

अर्धसूतानं जकातघर बघितलं आणि कपाळाला हात लावला.

त्या घराच्या डोंगराकडच्या भागात शंभर वर्षं डोंगरवाले शिपाई पहारा देत उभे राहिले होते. जमीन तिथे चार बोटं खचली होती. खोऱ्याकडच्या भागात खोरेवाले शिपाई असत. त्यांना उंचावर राहायची हौस, म्हणून ते बायकापोरांसकट माळ्यावर राहिले. त्यांच्या संसाराच्या ओझ्यानं तिकडचं छत तीन बोटं खाली आलं होतं.

"आधी जमीन आणि छत सरळ करून द्या," त्यानं अट घातली. "असल्या घरात मी खुंटीसुद्धा ठोकणार नाही."

ते काम गावच्या गवंड्याला मिळालं. गवंडी आणि अर्धसूत तरुणपणापासूनचे दोस्त. म्हणजे चाळीस वर्षं एकमेकांच्या कामाला नावं ठेवत आलेले.

पहिल्या आठवड्यात अर्धसूतानं मापं घेतली. दोन्हीकडून गाठी मारलेल्या दोऱ्या आल्या होत्या, बैठकीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर म्हणून. त्यानं त्या परत पाठवल्या. "दुसऱ्याच्या दोरीवर मी काम करत नाही. माणूस पाठवा."

राणी आली. दारातून आत येताना तिला गुडघ्यांवर यावं लागलं. ती लाकडी ठोकळ्यावर बसली आणि ताठ झाली.

"अशा रोज बसता का?" अर्धसूतानं विचारलं.

"रोज म्हणजे?"

"घरी. कुणी बघत नसताना."

राणीनं कारभाऱ्याला बाहेर पाठवलं आणि खांदे सैल सोडले. ती दोन बोटं खाली आली. त्यानं ते माप लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी राजा आला. त्यानं मान इतकी ताणली होती की शिरा दिसत होत्या.

"मान खाली, महाराज."

"ही माझी नेहमीची मान आहे."

"असेल. पण ती तुम्ही तासभर अशी धरू शकणार नाही. बोलणी तासाच्या पुढे जातील. मग डोळे खाली येतील आणि दोष खुर्चीवर येईल."

राजानं थोडा विचार केला आणि मान सोडली. "हुश्श," तो म्हणाला. "हे बाहेर बोलू नका."

"मी मापाशिवाय काही बोलत नाही."

खुर्च्यांचं काम सुरू झालं. राणीची खुर्ची रुंद आणि जवळजवळ जमिनीला टेकलेली, राजाची म्हणजे पायऱ्या असलेला मनोराच. बूड कुठे आहे याची दोन्ही राज्यांत कुणाला पर्वा नव्हती. डोळे कुठे आहेत एवढंच विचारायचे. म्हणून प्रत्येक खुर्चीच्या पाठीला, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, एक पितळी खिळा ठोकायचा असं ठरलं. दोन खिळे एका रेषेत, म्हणजे काम चोख.

मग डोंगरवाल्यांचा कारभारी कारखान्यात आला. आला म्हणजे बाहेर रस्त्यावर पोटावर पालथा पडला आणि तोंड दारातून आत घातलं. आतला उजेड गेला.

"मिस्तरी, आमचा खिळा एक बोट वर ठोका."

"नाही."

"कुणाला कळणार नाही."

"तुम्हाला कळणार. म्हणून तर सांगताय."

कारभाऱ्यानं श्वास सोडला. भुसा उडाला, सगळा अर्धसूताच्या मिश्यांत बसला. "तुमची मुलगी पलीकडे आहे म्हणे. अलीकडचा दरवाजा आमच्या हातात आहे. तह झाला तरी तो उघडायचा का नाही, मी ठरवणार. खिळा वर असला तर त्याच दिवशी उघडेन. नसला तर कुलपाची किल्ली सापडायला वर्षं लागतात कधी कधी. मी स्वतः मोजायला येईन. आमच्या रीतीनं, जमिनीपासून वर. पाय जमिनीवर असलेली माणसं आहोत आम्ही."

तो गेला. दुसऱ्याच दिवशी खोरेवाल्यांचा कारभारी आला. तो स्वतःची शिडी घेऊन आला होता. ती कामाच्या बाकाला लावली, वर चढला आणि अर्धसूताच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाला, "मिस्तरी, आमचा खिळा एक बोट वर."

"तुम्ही दोघं ठरवून येता का?"

"दोघं कोण?"

"काही नाही. अर्धं सूतसुद्धा वर जाणार नाही."

"मग पलीकडचा दरवाजाही हलणार नाही. तो आमच्या हातात आहे. नातीला अजून हातात घेतलं नाहीत ना? विचार करा. मी मोजायला येईन. आमच्या रीतीनं, छतापासून खाली. जो आभाळाला जवळ, तो वरचा. जमिनीपासून काय, बटाटेही मोजतात."

तो शिडी काखेत मारून गेला. अर्धसूत बाकावर बसला. दुपारपर्यंत त्यानं एकही फळी उचलली नाही. बायको जेवायला बोलवायला आली तर हा हातात खिळा धरून बसलेला.

"काय झालं हो?"

त्यानं सगळं सांगितलं. ती खालीच बसली.

"म्हणजे पोरगी यायला दोन्ही दरवाजे उघडायला हवेत."

"हो."

"आणि त्यासाठी राणीचा खिळा राजाच्या वर हवा, आणि राजाचा खिळा राणीच्या वर हवा."

"हो."

"मग ठोका ना तसे."

"तसे ठोकता येत नाहीत गं!"

"चाळीस वर्षं ऐकतेय, तुमच्या हातून होत नाही असं लाकडात काही नाही. आता एक काम मी सांगितलं तर लगेच होत नाही?" ती पदराला डोळे पुसत उठली. "जेवण गार होतंय."

अर्धसूतानं हिशेब दोनदा करून बघितला. एकाचं ऐकलं तर एक दरवाजा उघडेल, आणि अर्ध्या पुलावर जाऊन परत यायला तो आत्ताही मोकळा होता. दोघांचं ऐकलं तर दोन्ही खिळे पुन्हा सारखेच येतील आणि दोघंही चिडतील. आणि कुणाचंही ऐकलं तरी डोळे एका रेषेत येणार नाहीत. मग राणी राजाकडे खाली बघेल, नाहीतर राजा राणीकडे, आणि पुढची तीनशे वर्षं सुरू होतील. वर पुन्हा काम वाकडं झालं ते झालंच.

जेवून तो जकातघरात गेला. गवंडी खचलेल्या जमिनीत दगड भरत होता. निम्मं काम झालं होतं. छताला टेकू लावून ठेवले होते, छत उद्या वर उचलायचं होतं.

"बघ," गवंडी म्हणाला, "कशी आरशासारखी करतोय. आणि आता म्हणू नकोस, डावा कोपरा दोन सूत खाली आहे."

 अर्धसूत भरलेल्या जमिनीकडे बघत होता, मग न भरलेल्या. मग छताकडे. मग पुन्हा जमिनीकडे. गवंड्यानं थापी खाली ठेवली.

"बरं वाटत नाही का तुला?"

"एक हे खालून मोजतात," अर्धसूत हळूच म्हणाला. "एक ते वरून मोजतात."

"बरं मग?"

"डोंगराच्या बाजूला जमीन खाली आहे. तिथला खिळा जमिनीपासून मोजला तर चार बोटं जास्त भरणार. खोऱ्याच्या बाजूला छत खाली आहे. तिथला खिळा छताला तीन बोटं जास्त जवळ. आणि दोन्ही खिळे मी पाण्याच्या नळीनं लावले, तर एका रेषेत. चोख."

गवंड्यानं चुन्याचे हात धोतराला पुसले.

"तू मला काय सांगतोयस?"

"जमीन सरळ करू नकोस."

"पुन्हा बोल."

"भरलेलं काढ. होती तशी वाकडी ठेव. छतालाही हात लावू नको."

गवंड्यानं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मग गवंडी पायरीवर ऐसपैस बसला. चाळीस वर्षांत त्याला एवढी चांगली दुपार मिळाली नव्हती.

"काढतो," तो म्हणाला. "माझी एक अट आहे. तू तुझ्या तोंडानं म्हणायचं, 'सूत-दोन सुतानं काही बिघडत नाही.'"

"हे काय भलतंच."

"मग भरतो उरलेलं." त्यानं थापी उचलली.

"अरे, माझ्या नातीचा प्रश्न आहे!"

"म्हणूनच एकदाच म्हण म्हणतोय. नाहीतर रोज म्हणायला लावलं असतं."

अर्धसूतानं भिंतीकडे तोंड केलं. "सूत-दोन सुतानं..."

"ऐकू येत नाही. नदीचा आवाज आहे."

"सूत-दोन सुतानं काही बिघडत नाही!"

"आता बिघडलं तर मी आहेच," गवंडी म्हणाला आणि पहार हातात घेतली.

भरलेले दगड काढायला दोन दिवस गेले. भरताना जेवढी मेहनत लागते त्याच्या दीडपट काढताना लागते, कारण चुना ओला असतो आणि दगड हातातून निसटतो. अर्धसूत त्रेसष्ट वर्षांचा होता. त्यानं त्यातले निम्मे दगड स्वतः उचलले आणि पुलाच्या कडेला रचले. गवंडी नको म्हणत होता. पण ज्याच्यामुळे काम फुकट गेलं त्यानं हात लावायचा, ही त्याची रीत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची कंबर अशी धरली की घरी जाताना तो खोरेवाल्यांपेक्षा थोडाच उंच दिसत होता.

मग खुर्च्या आत आणल्या. ते मात्र त्यानं कुणाला करू दिलं नाही. लांब नळी घेतली, दोन्ही टोकांना काच बसवलेली, आत पाणी भरलेलं. एक टोक राणीच्या खुर्चीपाशी, एक राजाच्या. पाणी स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग खूण, मग पुन्हा पाणी हलवून पुन्हा खूण. सात वेळा केलं. सातही खुणा एकावर एक पडल्या तेव्हा खिळे ठोकले. वाकड्या जमिनीकडे बघायचं नाही म्हणून त्यानं सगळा वेळ डोळे वर ठेवले होते, त्यामुळे दोनदा गवंड्याच्या पायावर पाय पडला.

तहाच्या सकाळी दोन्ही कारभारी मोजायला आले. डोंगरवाल्यानं जमिनीपासून काठी लावली, इकडे आणि तिकडे. चार बोटं! त्याच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. खोरेवाल्यानं शिडी लावली, छतापासून ओळंबा सोडला, इकडे आणि तिकडे. तीन बोटं! तो शिडीवरून जवळजवळ उडी मारून उतरला.

"मिस्तरी," डोंगरवाला कानात म्हणाला. कान दुखला. "एकच मागितलं होतं."

"मी काही जास्त केलं नाही, साहेब. तुमच्या रीतीनं मोजलंत, तुमचं समाधान झालं, बास."

थोड्या वेळानं खोरेवाला अर्धसूताच्या धोतराचा सोगा ओढत म्हणाला, "ते डोंगरवाले एवढे खूश का दिसतात?"

"मी सुतार आहे, साहेब. हसण्याचं माप माझ्याकडे नाही."

आपण जिंकलो असं ज्याला वाटतं तो फार उदार होतो. दोन्ही कारभारी एकमेकांना आधी बसा, आधी बसा करायला लागले. पाण्याच्या वाटपाचं कलम, ज्यावर मागच्या वेळी बोलण्यांच्या आधीच चार दिवस गेले होते, ते "तुम्ही म्हणाल तसं" ह्या एका वाक्यात मिटलं.

मग राणी आणि राजा येऊन बसले.  राणीनं समोर बघितलं. राजानं समोर बघितलं. कुणाची नजर वर गेली नाही, कुणाची खाली आली नाही. दोघांनाही हे नवीन होतं, त्यामुळे दोघंही बघतच राहिले.

"तुमचे डोळे घारे आहेत," राणी म्हणाली. "आमच्याकडे काळे सांगतात."

"तुमच्या भुवया जुळलेल्या आहेत," राजा म्हणाला. "आमच्याकडे तुम्हाला भुवयाच नाहीत असं पोरांना शिकवतात. माझ्या आजीच्या अशाच होत्या."

"कशा होत्या आजी?"

"भयंकर."

राणी हसली. ती हसायला लागली तेव्हा सगळ्यांना शिंक आठवली आणि चार शिपाई राजाची खुर्ची धरायला धावले. खुर्ची जागची हलली नाही. तिचे सांधे अर्धसूताचे होते. सह्या झाल्या.

अलीकडचा दरवाजा लगेच उघडला. बायको घरून पळत आली, चपला हातात. दोघं पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोचले. तिथे खोरेवाल्यांचा कारभारी कुलूप काढून उभा होता, आणि दरवाजा उघडत नव्हता.

तीन वर्षं नदीच्या ओलीनं लाकूड फुगलं होतं. दोन्ही फळ्या चौकटीत गच्च बसल्या होत्या. खोरेवाल्या वीस शिपायांनी जोर लावला. काही नाही. डोंगरवाला कारभारी म्हणाला, एक लाथ घालू का. पण एकमेकांच्या मालाची मोडतोड करायची नाही, हे कलम त्यानंच अर्ध्या तासापूर्वी मंजूर केलं होतं.

फटीतून आवाज आला. "बाबा?"

 अर्धसूतानं पिशवीतून रंधा काढला.

"बाबा, तुम्ही आहात ना?"

"आहे. मागे सर. पोरीला मागे घे."

"बाबा, आता चोख करत बसू नका! कसंही उघडा!"

"कसंही म्हणजे दार मोडेल. तू लहानपणापासून घायकुतीला यायचीस."

"आई, सांग ना गं त्यांना!"

"मी तीन वर्षं सांगतेय त्यांना," बायको रडत म्हणाली. "जेवलीस का?"

त्यानं वरपासून सुरुवात केली. जिथे फळ्या एकमेकींना भिडल्या होत्या तिथे आधी पटाशीनं वाट केली, मग रंधा. ओलं लाकूड रंध्यात अडकतं. दर चार हातांनी पातं पुसावं लागतं. घाम डोळ्यात येत होता. कंबरेत कळ मारत होती. अर्ध्यावर आला तेव्हा खालच्या फटीतून दोन लहान बोटं बाहेर आली आणि लोंबणारी एक ढलपी ओढायला लागली. तो थांबला. बोटं जाईपर्यंत रंधा हवेत धरून उभा राहिला. बोटं जाईनात.

"अगं, तिला धर."

"मला वाटलं तुम्हाला बघायची असतील," मुलगी म्हणाली.

बोटं ढलपी घेऊन आत गेली. त्यानं पुढे रंधा चालवला. एक फळी करकरली, ढिली झाली आणि शिपायांनी ओढली तशी उघडली.

मुलगी आधी आईच्या गळ्यात पडली. मग बापाकडे बघून म्हणाली, "केवढे वाळलात! आणि हा चुना कुठून आला केसांत?" नात तिच्या पायामागे उभी होती, मुठीत ढलपी. आईनं सांगितलं, हे आजोबा. पोरीनं मान मागे टाकून त्याच्याकडे नीट बघितलं, मग नदीच्या दुसऱ्या काठाकडे बोट दाखवलं आणि भोकाड पसरलं. आजोबा तिकडे असतात आणि बोटाएवढे असतात, हे तिला पक्कं माहीत होतं. हा कुणी तरी डोंगरवाला होता.

"रडू दे," बायको म्हणाली. "चला घरी. तिला सवय होईल."

"दुसरी फळी अडकतेय," अर्धसूत म्हणाला.

"अहो, तीन वर्षांनी पोरगी आलीय! माणूस जातो की एका फळीतून."

"तुम्ही दोघी व्हा पुढे. तिला बसू दे इथे, ढलप्या वेचतेय तोवर."

नातीचं रडणं थांबलं होतं. रंध्यातून एक लांब, कुरळी ढलपी निघाली आणि तिच्या पायाशी पडली. तिनं ती उचलली. दुसरी पडायची वाट बघत ती एक पाऊल पुढे आली. त्यानं पुढचा हात सावकाश मारला, लांब, म्हणजे ढलपी तुटणार नाही. ती आणखी एक पाऊल पुढे आली आणि खाली बसली.

त्या फळीला अर्धा तास पुरे होता. अर्धसूताला संध्याकाळ झाली.